विहीण आणि बेयान

लग्न ठरले. मुलगी पुण्याची, मुलगा कोलकात्याचा. दोघेही बंगळुरूला नोकरीला. ओळख झाली, पुढे पसंती झाली आणि थोड्या कुरबुरीनंतर दोन्ही घरांनी होकार दिला. मुलीच्या आईने त्याच आठवड्यात यादी करायला घेतली. यादीच्या पहिल्या ओळीत तिने लिहिले, 'विहीणबाईंचा मान'. पाय धुवायला चांदीचे ताम्हन, नेसायला पैठणी, पंगतीत बसायला पाट, ताटाभोवती रांगोळी. तिच्या स्वतःच्या लग्नात तिच्या आईने हे सारे हौसेने केले होते.

मग एका रविवारी कोलकात्याहून मुलाच्या आईचा फोन आला. बोलणे हिंदीतून, पण अगदी गोड. तारीख, येणारी माणसे, उतरण्याची सोय, सगळे झाले आणि शेवटी त्या सहज म्हणाल्या, ''लग्नाला मी येणार नाही हं, दीदी. बाकी सगळे येतील. आमच्यात मुलाची आई लग्नाला जात नाही. तुम्ही सर्वजण रिसेप्शनला या, तेव्हा भेटूच.''

फोन ठेवल्यावर मुलीची आई कितीतरी वेळ हातातल्या यादीकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत बातमी घरभर झाली. आत्याबाई म्हणाल्या, ''मुलगी मनातून पसंत नसणार. नाहीतर कोणती आई मुलाच्या लग्नाला येत नाही?'' वडील वेगळ्याच कारणाने चिडले. ''रिसेप्शनला या म्हणजे काय? रिसेप्शन तर आपण इथे करतो आहोत. हॉलला विसार दिला आहे!'' मुलीने रात्री मुलाला फोन केला आणि रडू आवरत म्हणाली, ''हे असेच चालणार असेल तर रजिस्टर लग्न करून मोकळे होऊ.''

खरे म्हणजे कोणाचेच काही चुकले नव्हते. दोन्ही घरे आपापल्या रीतीने वागत होती. फक्त एका घराची रीत दुसऱ्या घराला ठाऊक नव्हती.

एक शब्द, दोन अर्थ

'रिसेप्शन' हा शब्द आता साऱ्या देशात चालतो, म्हणून तो सगळीकडे एकच गोष्ट सांगतो असे वाटते. मराठी घरात रिसेप्शन म्हणजे लग्नाच्या दिवशीच संध्याकाळी, बहुधा त्याच कार्यालयात होणारा स्वागत समारंभ. वधूवर स्टेजवर उभे, समोर रांग, आहेर, फोटो, जेवण. यजमान बहुधा मुलीकडचे, किंवा दोघे मिळून.

बंगाली घरात रिसेप्शन म्हणजे 'बौभात'ची संध्याकाळ. लग्न मुलीच्या घरी होते. दुसऱ्या दिवशी वधू सासरी येते आणि त्यानंतरच्या दिवशी बौभात असतो. 'बौ' म्हणजे सून. दुपारी नवरा भाताचे ताट आणि साडी तिच्या हाती देतो आणि तिच्या अन्नवस्त्राची जबाबदारी घेतल्याचे सांगतो. नवी सून सासरच्या माणसांच्या पानात भात, तूप वाढते. संध्याकाळी मोठी मेजवानी होते. तिचे यजमानपद मुलाकडच्यांचे. मुलीचे आईवडील आणि नातलग तिथे पाहुणे म्हणून येतात.

म्हणजे मुलाची आई 'रिसेप्शनला या' म्हणाली तेव्हा ती निमंत्रण देत होती, आणि मुलीच्या वडिलांना ती आपला हक्क हिरावते आहे असे वाटले.

आई लग्नाला न जाण्याची चालही अशीच. आपल्याच मायेची दृष्ट मुलाच्या सुखाला लागू नये, अशी त्यामागची जुनी समजूत. आज अनेक बंगाली घरांनी ती सोडली आहे, अनेक घरे अजून पाळतात. पाळणाऱ्या आईच्या मनात मुलीविषयी अढी नसते. उलट मुलाचा संसार निर्विघ्न व्हावा म्हणूनच ती मन मारून घरी बसलेली असते. मराठी घरात मात्र वरमाईशिवाय लग्न ही कल्पनाच करवत नाही. सीमांतपूजनापासून विहिणीच्या पंगतीपर्यंत सगळा मान तिच्याभोवती फिरतो. तीच आली नाही, तर मान द्यायचा कोणाला?

म्हणूनच दोन प्रांतांतल्या लग्नात पहिली बैठक हॉल, मेनू आणि सजावटीसाठी न घेता एका साध्या प्रश्नासाठी घ्यावी. 'तुमच्याकडे कोण कुठे असते, कोण काय देते, कोण कोणाला बोलावते?' दोन्ही आयांनी एकमेकींना हे विचारावे. मुलांना मध्ये दुभाषी म्हणून बसवायला हरकत नाही, पण निरोप्या म्हणून फिरवू नये. निरोप पोहोचेपर्यंत त्याचा सूर बदलतो.

विधी एक, समारंभ दोन

पुष्कळ घरे दोन्हीकडचा मान राखायचा म्हणून दोन्हीकडचे सगळे विधी एका दिवसात बसवतात. सकाळी मंगलाष्टके, संध्याकाळी सात फेरे, मध्ये दोन्हीकडचे दोन भटजी. वधूवर उपाशी, पाहुणे कंटाळलेले. याची गरज नसते. हिंदू विवाह कायदा, १९५५ यातल्या कलम ७ नुसार दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लग्न लागले तरी चालते, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. विधी मात्र खरोखर व्हायला हवेत. ते झालेच नसतील, तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यावर हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. ज्यांना धार्मिक विधी नकोतच, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे तारीख ठरवताना लक्षात ठेवावे.

विधी एका पद्धतीने झाला की दुसऱ्या पद्धतीची हौस स्वागत समारंभात भागवता येते. स्वागत समारंभ हा विधी नाही, हीच त्याची मोठी सोय. त्याला मुहूर्त लागत नाही, सोवळे लागत नाही, आणि 'आमच्यात हे चालत नाही' असे म्हणायला फारशी जागाही उरत नाही.

पुण्याच्या त्या घरातली गाठ इथेच सुटली. मुलाने तोड सुचवली. आईने पुण्याला यावे, लग्न लागताना कार्यालयात न येता उतरल्या जागीच थांबावे आणि संध्याकाळच्या स्वागत समारंभाला यावे. तिची रीत मोडत नव्हती आणि यादीतली पहिली ओळ खोडावी लागत नव्हती. विहिणीचा मान फक्त सकाळचा संध्याकाळी गेला.

तारखेची अडचण

मराठी घरे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात सहसा लग्न करत नाहीत. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात. बंगाली पंचांग सौर आहे. त्यांच्याकडे भाद्र, आश्विन, कार्तिक, पौष आणि चैत्र हे महिने लग्नाला वर्ज्य, पण श्रावणात लग्ने होतात. दोन्ही पंचांगे मांडून बसले की साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, मग जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत आणि पुढे एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत दोघांना चालतील अशा तारखा सापडतात. थोरल्या मुलाचे लग्न ज्येष्ठात नको, हा संकेत मात्र दोन्हीकडे ऐकायला मिळतो.

आणखी एक गोष्ट मराठी यजमानांना हमखास ठाऊक नसते. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवसाची रात्र बंगाली घरात 'कालरात्री' मानतात. त्या रात्री नवराबायको एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. दमणूक नको म्हणून मराठी मंडळींनी स्वागत समारंभ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेवला, तर तो नेमका तिथे येतो. रीत पाळणारे घर असेल तर समारंभ लग्नाच्याच दिवशी घ्यावा किंवा तिसऱ्या दिवसापुढे न्यावा.

पाहुण्यांच्या प्रवासाचा विचारही याच वेळी करावा. पुणे ते हावडा आझाद हिंद एक्स्प्रेसने दीड दिवसाच्या आसपासचा प्रवास आहे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी होत असे, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी सुरू होते. वऱ्हाड मोठे असेल तर आरक्षण उघडण्याच्या दिवशीच कोणीतरी एकाने ते काम अंगावर घ्यावे.

पत्रिकेवर गणपती आणि फुलपाखरू

मराठी लग्नपत्रिकेच्या माथ्यावर गजानन आणि कुलदैवत असतात. बंगाली पत्रिकेवर बहुधा फुलपाखरू असते. मराठी माणसाला ती नुसती नक्षी वाटते. पण बंगालीत फुलपाखराला 'प्रजापती' म्हणतात, आणि प्रजापती ही विवाहाची देवता. म्हणून तिथे पत्रिकेची सुरुवातच प्रजापतीला नमस्कार करून होते. एका पत्रिकेवर गणपती आणि फुलपाखरू दोघेही छान दिसतात.

मजकुरात फार फरक नसतो. समक्ष येऊन बोलावता आले नाही याची क्षमा दोन्हीकडे मागतात. आहेराऐवजी आशीर्वाद द्या, हेही दोन्हीकडे छापतात. पत्रिका मराठी, बंगाली आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असावी, पण एकाची दुसरीत भाषांतर करून काढू नये. प्रत्येक घरातल्या जाणत्या माणसाने आपल्या भाषेतला मजकूर आपल्या पद्धतीने लिहावा. आजीआजोबांची नावे आपल्याला वाचता येतील अशा लिपीत छापलेली पाहिली की म्हाताऱ्या माणसांचा अर्धा राग तिथेच जातो. छपाईपूर्वी दोन्ही घरांतल्या एकेकाने नावांची अक्षरे तपासावीत. 'व' आणि 'ब' यांच्यात बंगाली उच्चार फरक करत नाही, त्यामुळे मराठी आडनावे तिकडे गेली की हमखास बदलतात.

ताटात काय वाढायचे

खरी परीक्षा जेवणाची. मराठी लग्नाचे जेवण म्हणजे वरणभात, मसालेभात, मठ्ठा, जिलेबी किंवा श्रीखंडपुरी. एरवी आवडीने मासे खाणाऱ्या घरांतही लग्नाची पंगत बहुधा शाकाहारी असते. बंगाली घरात मासा हा शुभाचा भाग आहे. हळदीच्या दिवशी मुलाकडून मुलीकडे भेटींची तबके जातात, त्याला 'तत्त्व' म्हणतात. त्यात नवरीसारखा सजवलेला अख्खा रोहू मासा असतो. मासा नाही म्हणजे मंगल नाही, इतकी ती गोष्ट खोल आहे. नवरात्रात मराठी घरी उपास चालू असतात, त्याच दिवसांत दुर्गापूजेच्या निमित्ताने बंगाली घरी मटण शिजते. दोघेही देवीचीच भक्ती करत असतात.

तेव्हा 'एक दिवस मासे नाही खाल्ले तर काय बिघडले?' हे मराठी वाक्य आणि 'नुसते गवत खाऊ घातले' हे बंगाली वाक्य, दोन्ही ओठांतच ठेवावीत. पुण्याच्या समारंभात शाकाहारी जेवण आणि कोलकात्याच्या बौभातात मासे, अशी वाटणी सर्वांत सोपी. एकाच समारंभात दोन्ही ठेवायचे असेल, तर आधी कार्यालयाला विचारावे, कारण मांसाहार न चालणारी कार्यालये पुष्कळ आहेत. परवानगी असेल तर दोन्हीसाठी वेगळी जागा, वेगळी भांडी, वेगळे डाव आणि वेगळे वाढपी ठेवावेत. एकच वाढपी दोन्हीकडे फिरू लागला की आजीबाई पानावरून उठतात.

कोलकात्यात शाकाहारी मराठी पाहुण्यांसाठी एक सूचना यजमानांना आधीच देऊन ठेवावी. बंगाली डाळीत माशाचे डोके असू शकते आणि दुधी भोपळ्याच्या भाजीत कोळंबी. नुसते 'निरामिष हवे' म्हणणेही पुरे पडत नाही, कारण कांदालसणाशिवाय शिजवलेल्या प्रसादाच्या मटणालाही तिकडे 'निरामिष मांस' म्हणतात. मासे, मांस, अंडे, कांदा, लसूण यांपैकी काय काय चालत नाही ते नीट सांगावे आणि प्रत्येक भांड्यापुढे नावाची पाटी लावायला सांगावी.

एवढे सांभाळले की बाकी जेवण दोन्ही घरांना जवळच आणते. पदार्थ एकामागून एक क्रमाने पानात येण्याची पंगतीची पद्धत दोन्हीकडे आहे. डाळीत चिमूटभर गोड घालायची सवय दोन्हीकडे आहे. मराठी श्रीखंड दह्याचे, बंगाली 'मिष्टी दोई' दह्याचेच. ही दोन पक्वान्ने शेजारी शेजारी ठेवली तर लोक आपोआप एकमेकांच्या वाटीत चमचा घालतात. शेवटी विडा तर आहेच. बंगाली स्वयंपाक्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. मुंबईत शिवाजी पार्कच्या बेंगॉल क्लबसारख्या संस्था आहेत, इतर शहरांतही दुर्गापूजा मंडळे असतात. त्यांच्याकडे चौकशी केली की भोग रांधणारा 'ठाकूर' म्हणजे आचारी मिळतो. मोठ्या शहरांतल्या महाराष्ट्र मंडळांकडून मसालेभाताची सोयही तशीच होते.

शालू, शाखा आणि लाल काठ

वधूने काय नेसावे यावरून दोन आयांत रुसवा होतो. मुलीच्या आईला शालू हवा, मुलाच्या आईला लाल बनारसी. दोघींना दुकानात एकत्र न्यावे. मराठी लग्नातला शालू हा बनारसचाच, आणि बंगाली 'बेनारसी'ही तिथलीच. लाल रंगाचा जरीचा शालू दोघींनाही आपलाच वाटतो. दुसऱ्या समारंभाला पैठणी आणि नथ आहेच.

हातात हिरवा चुडा आणि बंगाली 'शाखा-पोला', म्हणजे शंखाची पांढरी आणि पोवळ्याची लाल बांगडी, एकत्र घालता येतात. नवऱ्या मुलाचा शोलाच्या पांढऱ्या भेंडाचा उंच 'टोपोर' पाहून मराठी मुले हसतात. मुंडावळ्या पाहून बंगाली मुले हसतात. हसू द्यावे. पण मोठ्या माणसांना आधी सांगून ठेवावे. 'मुलगा पंजाबी घालणार' असा निरोप कोलकात्याहून आला तर घाबरू नये. बंगालीत 'पंजाबी' म्हणजे पुरुषांचा लांब झब्बा.

रंगांचे मात्र जरा सांभाळावे. बंगाली घरात शुभकार्यात काळा रंग टाळतात. मराठी मंगळसूत्राचे काळे मणी सौभाग्याचे असतात, हे त्यांना सांगावे लागते. उलट लाल काठाची पांढरी साडी तिकडे सुवासिनीचे लेणे आहे. विहीणबाई ती नेसून आल्या तर मराठी बायकांनी एकमेकींकडे पाहू नये.

कोणी काय बोलायचे

समारंभाच्या मांडणीतही फरक असतो. मराठी समारंभात वधूवर स्टेजवर जोडीने उभे राहतात. बौभातात सजवलेल्या आसनावर सून बसते, लोक तिला पाहायला येतात आणि नवरा बहुतेक वेळ पाहुण्यांमध्ये फिरत असतो. पुण्याची आजी विचारणारच, ''नवरा कुठे गेला?'' हे आधी सांगितलेले बरे.

कार्यक्रमाला दोन निवेदक ठेवावेत, आणि एक नियम पाळावा. मराठी माणसाने बंगाली रीत समजावून सांगावी आणि बंगाली माणसाने मराठी. आपली रीत आपण सांगू लागलो की ती मिरवणे होते. दुसऱ्याची सांगायची तर आधी ती विचारून घ्यावी लागते, आणि त्या विचारण्यातच निम्मे लग्न जुळते. मुलीच्या काकांनी मुलाच्या मावशीला विचारावे, शुभदृष्टीच्या आधी नवरी विड्याच्या पानांनी तोंड का झाकते? उत्तर ऐकताना त्यांना अंतरपाट आठवेल. मावशीला कळेल की मुलाची उष्टी हळद मुलीला लावण्याची रीत पुण्यातही आहे आणि बंगालच्या 'गाये होलुद'मध्येही. बंगाली बायकांचा उलुध्वनी, म्हणजे जीभ हलवत काढलेला मंगल आवाज, पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकतो. आधी कळले तर तोच कान देऊन ऐकतो. सनई तर दोन्हीकडे वाजते.

भाषणे दोन-तीन मिनिटांची असावीत. त्यात एक धोक्याची जागा आहे. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्यांची आठवण 'बर्गी' या नावाने बंगाली अंगाईत आजही उरली आहे. हा शब्द आपल्या 'बारगीर'वरून आलेला. एखादे बंगाली काका व्याह्यांकडे पाहून ''बर्गी आले!'' म्हणतीलच. त्यावर हसावे आणि उत्तरादाखल सखाराम गणेश देऊस्करांचे नाव घ्यावे. देवघर भागात वाढलेल्या या मराठी माणसाने १९०४ साली बंगालीत 'देशेर कथा' लिहिले आणि स्वदेशीच्या काळात बंगालने ते डोक्यावर घेतले. दोन प्रांतांच्या हिशेबात दोन्ही नोंदी आहेत. समारंभात कोणती आधी वाचायची, ते आपल्या हातात असते.

नाव घेण्याचा कार्यक्रम मात्र चुकवू नये. नवऱ्याचे नाव थेट न घेण्याची जुनी रीत बंगालातही होती, त्यामुळे उखाण्यातली गंमत त्यांना लगेच कळते. 'राव' लावायचे की 'बाबू' हा प्रश्न मुलीने सोडवावा. उखाणा असा साधा असला तरी पुरे: 'श्रीखंडाच्या शेजारी मांडली मिष्टी दोई, अमुकचे नाव घेते, दोन घरांचे एक घर होई.' रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून हे सगळे जेवणाआधी उरकावे.

खर्च आणि मानपान

पैशाची गोष्ट लाजेने मागे ठेवली की ती नंतर मोठी होऊन पुढे येते. सर्वांत सरळ वाटणी अशी की ज्याच्या गावात समारंभ, तो यजमान आणि खर्च त्याचा. प्रवासाचा खर्च ज्याचा त्याने करावा, उतरण्याची सोय यजमानाने. एकाच गावात एकच समारंभ असेल, तर खर्च निम्मा करावा आणि पाहुण्यांची संख्याही निम्मी ठेवावी. एका वहीत दोन्हीकडचा हिशेब लिहावा आणि ती दोन्हीकडच्या एकेका माणसाने सांभाळावी.

देण्याघेण्यात दोन्हीकडे साड्यांचा प्रश्न येतो. मराठीत विहिणीचा आणि नणंदांचा आहेर, बंगालीत सासरच्या वडीलधाऱ्या बायकांना मुलीकडून द्यायच्या 'नमस्कारी' साड्या. दोन्ही रीती एकावर एक चढवल्या तर मुलीच्या बापाचे कंबरडे मोडते. म्हणून एकच रीत घ्यावी आणि ती दोन्ही बाजूंनी पाळावी. मुलीकडून जितक्या साड्या, तितक्याच मुलाकडून. हे बोलायला मुलाच्या आईने पुढाकार घेतला तर फार बरे. मुलीच्या घराला ते बोलणे अवघड जाते.

त्या दोन संध्याकाळी

पुण्याच्या स्वागत समारंभाला मुलाची आई लाल काठाची पांढरी साडी नेसून आली. मुलीच्या आईने दारातच पाट मांडला होता, ताम्हन ठेवले होते. पण पायाला हात लागणार तोच विहीणबाई मागे सरकल्या. ''नाही, नाही, दीदी. तुम्ही माझ्याच वयाच्या. पायाला हात लावायचा नाही.'' क्षणभर दोघी अवघडल्या. मग मुलीच्या आईने ताम्हन बाजूला केले, त्यांना पाटावर बसवले आणि हळदीकुंकू लावून खण, नारळ आणि तांदळाने ओटी भरली. विहीणबाईंनी पदर कसा धरायचा ते शेजारच्या बायकांकडे पाहून शिकून घेतले. जेवताना दोघी शेजारी बसल्या. विहीणबाईंनी विचारले, ''मला तुम्ही काय म्हणून हाक मारता?'' उत्तर मिळाले, ''विहीण.'' त्या हसल्या. ''आमच्यात बेयान म्हणतात.'' व्याही आणि बेयाई, विहीण आणि बेयान. नात्याचे नावही सारखेच निघाले.

आठवड्याने कोलकात्यात बौभात झाला. मराठी लग्नात मुलीच्या आईला बसायला फुरसत नसते. सगळे जेवले का, सगळ्यांना मिळाले का, कोणी रागावले का, यातच तिचा दिवस जातो. ती जेवते सर्वांत शेवटी, तेही उभ्याने. इथे तिच्याकडे यादी नव्हती. तिला खुर्चीवर बसवले, पाणी आणून दिले. व्याह्यांनी स्वतः येऊन 'आणखी घ्या' म्हणून आग्रह केला. शाकाहारी भांड्यांपुढे देवनागरीत पाट्या होत्या. एका पाटीवर 'वांग्याची काप' असे चुकीचे लिहिले होते. ती पाटी कोणीतरी मुद्दाम, विचारून विचारून लिहिली होती. बेयानने स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात संदेश भरवला. समोर लाल शालूत लेक बसली होती, हातात हिरवा चुडा आणि शाखा-पोला.

मुलीच्या लग्नात पानावर बसून सावकाश जेवायला मिळेल, असे तिला कधी वाटले नव्हते. तिने शांतपणे जेवण संपवले आणि विड्यासाठी हात पुढे केला.